हवं आहे : डावं कवच

टोर्सबू
रविवार, ९ ऑक्टोबर २०११

प्रिय हेनिंग,

तू आणि तुझ्या घरची मंडळी खुशाल असाल, अशी आशा आहे. इथे आम्ही ठीक आहोत. 'आम्ही' हे सवयीनं लिहिलं गेलं. घरात आता मी एकटाच आहे. बटाटे काढून झाले, यंदा लहानच निघाले. सफरचंदं मात्र भरपूर आली आणि खाणारं कोणी नाही, म्हणून शेजारच्या घोड्यांना नेऊन देतो.

रोलांड गेल्यावर तू पाठवलेलं कार्ड मिळालं. त्यावर फक्त तुझं नाव होतं. त्याहून जास्त काही लिहिलं असतंस तर मला वाचता आलं नसतं, म्हणून ते बरं झालं. उत्तर द्यायला पाच महिने लागले, त्याबद्दल माफी असावी. कारणं सांगण्यासारखी नाहीत. एक सोडून. ते पुढे येईल.

आधी गाडीबद्दल लिहितो, कारण ती तुझी होती.

तू नॉर्वेला गेल्यावर तुझी हुस्कवर्ना मोटारसायकल कोठारात तशीच पडून होती. मी तिला हात लावला नाही आणि दुसऱ्या कोणाला लावू दिला नाही. रोलांड तेव्हा नऊ वर्षांचा होता. तू त्याला टाकीवर बसवून गव्हाच्या कापलेल्या शेतातून चक्कर मारायचास, हे तो कधी विसरला नाही. मोठा झाल्यावर त्यानं अनेक वर्षं काही विचारलं नाही. मग २००० साली एका शनिवारी त्यानं कोठाराचं दार उघडलं आणि गाडी पूर्ण खोलली. मी जेवायला बोलवायला गेलो तर फरशीवर जुन्या चादरीवर सगळे तुकडे ओळीनं मांडलेले होते.

"बाबा, इंजिनचं अर्धं कवच कुठे आहे?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "हेनिंगकाकाकडे."

"ते तिकडे कसं गेलं?"

"वेल्डिंगला न्यायचं म्हणून त्याच्या मोटारीच्या डिकीत होतं. तो निघाला, ते बरोबर गेलं."

तो परत तुकड्यांकडे वळला. न बोलावलेल्या पाहुण्यासारखा मी दारात उभा राहिलो आणि मग घरात आलो. तू का निघालास, हे त्याला ठाऊक होतं. वडिलांच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी सगळ्यांदेखत तुला काय बोललो, हे गावात ऐकलं नाही असं कोणी नव्हतं. वडील गेले त्या रविवारी तू शर्यतीला गेला होतास. त्यांनीच तुला जा म्हणून सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. कधी कळलं तेही सांगतो. त्याच वर्षीच्या नाताळात. म्हणजे पस्तीस वर्षं मला ते माहीत आहे.

रोलांडनं अकरा वर्षं सुटे भाग जमवले. त्याची वही माझ्यासमोर आहे. पुढच्या चाकाचा मधला भाग त्यानं वारबर्गजवळच्या एका विधवेच्या गोठ्यातून आणला, त्यासाठी दोन दिवस तिची लाकडं फोडून दिली. धुराची नळी एका कोंबड्यांच्या खुराड्यात आडवी लावलेली सापडली, कोंबड्या तिच्यावर बसायच्या. कार्बोरेटर एका फिनलंडच्या म्हाताऱ्याकडे होता. तो म्हणाला, "आधी माझ्या बायकोनं मासे भरून भाजलेला पाव खा, मग बोलू." रोलांडनं तीन वेळा वाढून घेतलं, तेव्हा कुठे त्यानं कपाट उघडलं. टाकी बेल्जियमहून आली. सीटचं कव्हर त्यानं स्वतः शिवलं, माझ्या बायकोच्या मशीनवर, आणि तीन सुया मोडल्या.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याचं दुखणं कळलं. तेव्हा गाडीत एकच गोष्ट यायची उरली होती, तुझ्याकडचं डावं कवच.

तुला आठवत असेल, पण मला हे यॉस्टानं नव्यानं समजावून सांगितलं. तुझा यॉस्टा, तुझी गाडी जो शर्यतीआधी तपासायचा तोच. आता पाय ओढत चालतो, तोंड मात्र तसंच आहे. तो म्हणाला, "आल्वार, हे डावं-उजवं कवच कारखान्यात एकत्र धरून एकाच वेळी कोरतात. दोन्हींवर एकच नंबर. ह्याचं त्याला लावलंस तर इंजिनातला दांडा तिरका बसतो. हे एकाच घरात नांदणारं जोडपं आहे, दुसरीकडे संसार होत नाही यांचा."

मी जूनमध्ये कोठारात जायला लागलो. रोलांडच्या खोलीत बसवत नव्हतं आणि चर्चमधले लोक घरी येऊन माझ्याकडे बघत बसायचे. मला यंत्रातलं काही कळत नाही. पण भाग साफ करायचं काम मला जमेल, असं यॉस्टा म्हणाला. गंजलेले आरे, नट, किकची दांडी, असलं लोखंडाचं सामान पातळ आम्लात टाकायचं, गंज सुटला की धुवायचं. आम्ल मीच बनवलं. त्यातलं प्रमाण यॉस्टापेक्षा मला जास्त कळतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी टेबलावरचं उरलेलं सगळं टबात टाकलं. त्यात तेलानं काळं झालेलं उजवं कवचही होतं. हातात घेतलं तेव्हा ते हलकं लागलं. फार हलकं. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी कॉफी प्यायला घरात आलो, खुर्चीत डोळा लागला. तीन तासांनी गेलो तर टबात फेस होता आणि फेसाखाली जाळी उरली होती. बेअरिंगच्या जागा खाल्ल्या गेल्या होत्या. नंबर होता तिथे भोक होतं.

कवच मॅग्नेशियमचं होतं. अडतीस वर्षं मी औषधाचं दुकान चालवलं, हेनिंग. आम्ल आणि मॅग्नेशियम हे शाळेतल्या मुलाला माहीत असतं.

यॉस्टानं ते काठीनं वर काढलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाला, "एवढी वर्षं गावाला औषधंच देत होतास ना? की आम्ही नशिबानं वाचलो?"

मी टबावर झाकण ठेवलं.

"हसतोय म्हणून रागावू नकोस," तो म्हणाला. "मला दुसरं काय करायचं ते सुचत नाही."

सप्टेंबरात तो मला जबरदस्तीनं सुट्या भागांच्या बाजाराला घेऊन गेला. तू असताना तो मैदानाच्या एका कोपऱ्यात भरायचा, आता सगळं मैदान व्यापतो. गाड्यांच्या डिक्या उघड्या, थर्मास, वेलदोड्याचे पाव, गुडघ्यांवर घोंगड्या घेतलेले म्हातारे. एका माणसाकडे तुझ्याच मॉडेलच्या कवचांची पूर्ण जोडी होती. नंबर वेगळा, पण जोडी एकमेकांची. यॉस्टानं दोन्ही मिटवून बघितली आणि म्हणाला, "घे. ख्रिसमसपर्यंत गाडी चालू करून देतो. तुझ्या कोठारात धूर करीन."

मी पाकीट काढलं होतं. मग वही आठवली. रोलांडनं त्यात तीन ठिकाणी एकच वाक्य लिहिलेलं आहे, २००३, २००६ आणि २००९ साली. 'जोडी मिळत होती. घेतली नाही.' मला ते आधी कळलं नव्हतं. मी वाचून पुढे गेलो होतो.

मी पाकीट परत खिशात ठेवलं.  यॉस्टानं मला कॉफीच्या तंबूमागच्या फळीकडे नेलं. तिथे लोक 'हवं आहे' म्हणून कार्डं टाचतात. तिथला नियम तुला माहीत आहे, ज्यानं कार्ड लावलं त्यानंच ते काढायचं. मधोमध रोलांडचं कार्ड होतं. अक्षर पावसानं थोडं फुटलं होतं. 'हवं आहे : डावं कवच, नंबर ४१७७. फक्त हेच.' खाली कोणीतरी पेन्सिलीनं थट्टेनं लिहिलं होतं, 'अजून?' आणि त्याखाली रोलांडच्या हातचं, 'अजून.'

"दरवर्षी लावायचा," यॉस्टा म्हणाला. "आम्ही चिडवायचो, अरे वेड्या, हा नंबर जगात एकाच माणसाकडे आहे. तर म्हणायचा, म्हणूनच तर लावतो. तो माणूस कधीतरी बाजाराला येईल ना."

म्हणजे दुसरी जोडी घेऊन चालणारी गाडी त्याला केव्हाच मिळाली असती. ती त्याला नकोच होती.

आता ते एक कारण. इथवर येताना मी सफरचंदांचं आणि कोंबड्यांचं लिहिलं. आता लिहिण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात रोलांडनं तुला पत्र लिहिलं होतं. तुझा पत्ता त्यानं कुठून काढला, मला माहीत नाही. त्याला पायऱ्या उतरवत नव्हत्या, म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं. तिकीट त्यानंच लावलं होतं. टपालपेटी आमच्या फाटकापासून दोनशे पावलांवर आहे. मी कोट घातला, पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. पाकीट मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं.

"टाकलंत?" त्यानं विचारलं.

"टाकलं," मी म्हणालो.

सुरुवातीला तो रोज विचारायचा, "नॉर्वेहून काही आलं?" नाताळपर्यंत विचारत होता. जानेवारीत कधीतरी विचारायचा. फेब्रुवारीत एका सकाळी मी त्याची उशी बदलत होतो, तेव्हा तो म्हणाला, "काका उत्तर देणार नाही, बाबा. आणि त्याचं चुकत नाही. पस्तीस वर्षांत आपण त्याला काही विचारलं नाही, आणि विचारलं तर काय, लोखंडाचा तुकडा."

त्याला खरं सांगायला तेव्हा अजून तीन महिने होते. मी उशीला नवा अभ्रा घातला.

का टाकलं नाही, हे तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. राग नव्हता, तो कधीच संपला होता. पत्र मिळालं असतं तर तू आला असतास. ते कवच घेऊन, ती अठराशे किलोमीटरची वाट मोटारीनं करून आला असतास, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग तू त्याच्या पलंगाशी बसला असतास आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं असतं ते माझ्यामुळे आलेलं नसतं. आणि मला तुझ्यासमोर ते कॉफीच्या दिवशीचं बोलणं मागं घ्यावं लागलं असतं. त्या दोन्हींतलं जास्त कशाला भ्यालो, ते मला अजून ठरवता येत नाही. तो मे महिन्यात गेला, तू त्याला उत्तर दिलं नाहीस असं समजून गेला.

ते पाकीट सोबत ठेवलं आहे. उघडलेलं नाही. तिकिटावर शिक्का नाही, ते तुला दिसेलच.

तुझ्याकडचं डावं कवच पाठवू नकोस. त्याची जोडी मी आम्लात संपवली, आता ते कशालाच लागणार नाही. कदाचित तू ते कधीच टाकून दिलं असशील. गाडी पुन्हा चादरीवर मांडून ठेवली आहे, त्यानं मांडली होती त्याच क्रमानं. यॉस्टा येतो, बघतो, जातो. फळीवरचं कार्ड मी काढलं नाही. ते मी लावलेलं नव्हतं.

या पत्राचं उत्तर देऊ नकोस. वाट बघणं माझ्या वाट्याला यायला हवं, ते मला कळतं.

तुझ्या कार्डावर नुसतं नाव होतं. त्याच्या आधी काय लिहावं हे मलाही सुचत नाही.

आल्वार