शेवाळाला ऊन मिळणार नाही

४ जुलै, वादी अदाई
पोचले बाई एकदाची लेकाकडे, अरबांच्या मुलखात! अजिंक्यचं घर तिसऱ्या मजल्यावर. समोर नुसते उघडेबोडके डोंगर, औषधाला झाड नाही. पण बैठकीत पाऊल टाकलं आणि जीव हरखला. चांगली चार फुटी काचेची टाकी, आत पाणवनस्पतींचं रान, त्यातून फिरणारे चिमुकले टेट्रा. गुहागरला मीही वर्षानुवर्षं मासे पाळले. कुणी शिकवलं नाही, मरणाऱ्या माशांनीच शिकवलं. इथे मधोमध वादीच्या, म्हणजे इथल्या डोंगरओढ्याच्या, डोहातून उचलून आणलेला काळा दगड आहे आणि त्यावरून शेवाळ सुटलंय, लांबच लांब. सूनबाई प्रियांका म्हणाली, आई, आता हे खातं तुमचं. नात ऋजुता शाळेत इंग्रजीच बोलते, मराठीत अडखळते. तिने विचारलं, आजी, दगडाला केस का आला?

७ जुलै
पदर खोचला. दिवा सहाच तास, खाणं चिमूटभर. जुना टूथब्रश फिरवून शेवाळ शेवयांसारखं गुंडाळून काढलं. थोडं पाणी बदललं. आता माशांचं पाणी म्हणजे झाडांना दूधभात, ते मोरीत ओतायला माझा हात धजतोय थोडाच! बाल्कनीतल्या तुळशीला घातलं. काय तरारलीय! ऋजुताला खोकला आहे, तिला रोज तीच पानं मधातून देते. मीही सकाळी दोन चावते. खालच्या मजल्यावरची अमीरुन्निसा, आपल्या दापोलीची, डोकावली. म्हणाली, काकी, शेवाळ काढायला आलात की त्याची वेणी घालायला? गोड बाई आहे.

११ जुलै
दगड उकळला, घासला. सकाळी पुन्हा हिरवागार. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! मासे मेले नाहीत, पण दाण्याला शिवत नाहीत. सगळे दिव्याखाली गोळा, तोंडं वर, आ वासलेला.

१५ जुलै
भरदुपारी ऋजुता बाल्कनीत सापडली. लादीवर पापड भाजावा असं ऊन, आणि ही अनवाणी उभी. तोंड वर. आ वासलेला. उचललं तर चावली मला. जेवायला बस म्हटलं, तर म्हणते, नको आजी, ऊन पुरतं. जवळच्या रुवीतल्या डॉक्टरांनी उष्म्याचा त्रास म्हणून साखरमिठाचं पाणी लिहून दिलं.

१६ जुलै
तिच्या हिरडीत हिरवा धागा दिसला. ओढला. येतच राहिला.
धावत जाऊन तुळस उपटली. मुळं नाहीत. कुंडीभर नुसते हिरवे केस.
म्हणजे पाणी मी घातलं, पानं मी भरवली. बरं. मग निस्तरायचंही मीच. शेवाळावर एकच जालीम उपाय मला ठाऊक आहे: मिट्ट काळोख. टाकीवर घोंगडी टाकली. आतल्या खोलीत ऋजुताला घेऊन बसते आहे. अजिंक्य म्हणाला, आई, हे काय खूळ! प्रियांका रडली. अमीरुन्निसाने मात्र आपले जाड पडदे आणून स्वतः ठोकले. म्हणाली, हसणाऱ्यांना हसू दे काकी, पोर वाचली पाहिजे.

१९ जुलै
पोर किंचाळते, दार ओरबाडते, ऊन दे म्हणते. मांडीत घट्ट धरलीय. मेल्या, तू दगडावरचा, मी कोकणातली. बघूच.

२० जुलै
ओकली. मूठभर हिरवा गुंता, वळवळणारा. मग झोपली. उठल्यावर पेज मागितली, वर मीठ कमी आहे म्हणून कुरकुर! जिंकले.
तिघांना सलालाहला पाठवलं, अजिंक्यच्या मित्राकडे. तिकडे सध्या ढग आहेत. अजिंक्य म्हणत होता, दगड वादीत फेकून येतो. मी नाही म्हटलं. तिथे दुसऱ्यांची पोरं डुंबतात. दगड, कुंडी, तो गुंता, सगळं टाकीत घालून, निघण्याआधी त्याच्याकडूनच टाकी या खोलीत ओढून घेतली. इथेच उपाशी मरेल.

२२ जुलै
माझी हिरडी. धागा.
हो, दोन पानं रोज. विसरले होते.
अमीरुन्निसाला सांगितलं, बाहेरून कडी घाल, मी कितीही गोड बोलले तरी उघडू नकोस. दाराआड रडत होती. तिला म्हटलं, रडतेस काय वेडे, नातीने काढलं ते आजीला जड आहे?

२४
चाचपडत लिहिते. भूक नाही. पडद्याला सुईएवढं भोक — तिथून ऊन — काय गोड — तोंड आपोआप वर —
नाही.

बहुतेक २५
टाकीतून ती रोजची टकटक. आज क्षीण. मरतंय. म्हणूनच आता माझ्यातून —
पाय उठून उभे राहिले. मी उठले नव्हते. बसवले.

परत
डावा हात खाटेला बांधलाय. उजवा पडद्याकडे ओढ घेतो. म्हणून त्याला कामाला जुंपलंय. लिही म्हणते. बोटं हिरवी झाली तरी लिही. ऋजुताचं नाव लिही. ऋजुता. ऋजुता. लिहितोय तोवर हा हात माझा, आणि माझा आहे तोवर पडदा —