सूनबाईचं तिकीट

३ मार्च

सूनबाईने आज माझ्याकडे विमानाचं तिकीट मागितलं. माझ्याच घरातून जाण्यासाठी. माझ्या मुलाला सोडून — असं ती म्हणाली नाही, पण मी काही दुधखुळी नाही.

मी कवळीला मेण लावत बसले होते. ज्या डॉक्टरांना मी दात बनवून देते, त्यांना ती उद्याच हवी होती. ही आली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आई, एक मागू का? नाही म्हणालात तरी चालेल." अशी सुरुवात झाली की मागणं मोठं असतं.

परक्या देशात, हाताने बूट बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला जागा मिळतेय. तेच तिचं शिक्षण, तेच वेड. लग्नानंतर ते सगळं जिन्याखालच्या खोक्यात गेलं. घरचं खातं दोघांचं मिळून आहे, त्यातून तिकीट काढलं तर चिरंजीवांना लगेच दिसेल. चोरून जाणार नाही म्हणाली, सांगूनच जाईन, पण तिकीट हातात आल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर परत तेच बोलणं होईल आणि ती परत राहील. पैसे पहिल्या पगारातून फेडेन, हेही ओघाने आलंच.

विचार करते म्हटलं. तोवर मेण गार झालं होतं.

४ मार्च

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. भाजी मात्र खारट झाली.

६ मार्च

खरं काय ते निदान इथे तरी लिहावं. तिचं ऐकल्यावर मला आधी बरं वाटलं होतं. ती जाईल, हा राहील — माझं काय बिघडलं? मग माझी मलाच लाज वाटली आणि दिवसभर मी तिच्याशी जरा जास्तच गोड वागले. तिलाही ते कळलं असणार.

आज भांडी विसळता विसळता विचारलं, अगं, मग दोघंच का नाही जात? तिने हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "मागच्या वर्षीही बोलावलं होतं, आई. दोघांनी जायचं ठरत होतं. तो म्हणाला, आईला एकटं टाकून कसं जायचं."

मला कुणी विचारलंच नाही! माझ्या नावावर बिल फाडून चिरंजीव मोकळे! माझा एक गुडघा कुरकुरतो, बस्स. बाकी मी ठणठणीत आहे. हाताला काम आहे, खाली दुकान आहे, समोरची शिंपीणबाई दिवसातून दोनदा डोकावते. मी कुणाच्या पायात बेडी घातलेली नाही.

चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात. जगाला वर-खाली नेतात, स्वतः मात्र दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेत.

सूनबाईला वाटतं, त्याला कशाचं काही वाटत नाही. मला तसं म्हणता येत नाही. तो झोपेत दात खातो, लहानपणापासून. त्यासाठी मी त्याला दातांवर चढवायचं कवच करून देते. एक केलं की बरेच दिवस जातं. काल त्याने ते न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवलं. थंडीत केलेलं कवच, आरपार चावलंय.

७ मार्च

ठरलं. काढायचं.

दुपारी दोघी कामाच्या टेबलाशी बसलो. ती तिच्या फोनवर एकेक भरत होती, मी कार्ड धरून. नुसतं जायचं की परतीचंही, असं फोनने विचारलं. ती थांबली. मी म्हटलं, तारीख बदलता येते ना, मग परतीचं असू दे. तिने तसंच केलं. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं भरून झालं. आता ओटीपी येईल म्हणाली, तेवढा सांगा. मी चष्मा लावून फोन हातात घेऊन बसले. फोन ढिम्म.

मग दोघींच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. माझ्या खात्याला नंबर चिरंजीवांचा!

मागे एका गोड आवाजाच्या माणसाने बँकेतून बोलतोय म्हणून मला आकडे विचारले होते आणि मी शहाणीने ते नीट वाचून दाखवले होते. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून सगळा कारभार चिरंजीवांकडे. आकडे त्यांच्या फोनवर येणार, मेल त्यांनीच उघडून दिलेली आणि तेच वाचणार. वर दम वेगळाच — "आकडे कुणालाही सांगायचे नाहीत. कुणालाही म्हणजे कुणालाही."

म्हणजे बायको ह्याला सोडून जाणार, ह्याच्या आईच्या पैशाने, आणि आकडे विचारायचे ह्यालाच! पडद्यावर 'वेळ संपली' असं आलं. आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता ती कधी रडायला लागली ते कळलंच नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताला दातांच्या साच्याचं ओलं प्लास्टर लागलेलं होतं, तिचा ड्रेस पांढरा झाला.

८ मार्च

बँकेत जाऊन आले. नंबर बदलायला अर्ज, मग आठवडाभर वाट. कारखान्याला तिकीट उद्यापर्यंत दाखवायचंय.

शेवटी मीच त्याला फोन लावला. सकाळपासून एक खोटं घोकून ठेवलं होतं — बहिणीकडे जाऊन येते म्हणून. त्याने फोन उचलला तेव्हा तो लिफ्टच्या खड्ड्यात होता, आवाज घुमत होता. म्हटलं, तुझ्या फोनवर आकडे आलेत ते सांग.

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग — "विमान कंपनीचं दिसतंय."

"हो."

बहीण जिभेच्या टोकावर होती. त्याने विचारलंच नाही. एकेक आकडा सावकाश सांगितला, मग पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी मी त्याला पाढे म्हणून दाखवायचे, तसा. मग विचारलं, "झालं का?" झालं म्हटलं.

तिकीट आलं. सूनबाईने माझे दोन्ही हात धरले. मला मात्र आनंद होईना. विचारलं नाहीस ते बरंच झालं, पण का विचारलं नाहीस रे?

९ मार्च

जेवताना चिरंजीवांची दातखीळ बसलेली. माझीही. सूनबाई एकटीच पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिली.

११ मार्च

तिने आज त्याला सांगितलं. मी कान लावला नाही. भिंत पातळ आहे, त्याला मी काय करणार? तरी ऐकू काही आलं नाही. बोलणं झालंच नाही म्हणे.

ती डोळे पुसत माझ्याकडे आली. तो नुसतं "बरं" म्हणाला. ओरडला असता, अडवलं असतं, तर तिला भांडता आलं असतं. "बरं"शी कसं भांडायचं? मला त्याचा इतका राग आला की प्लास्टर कालवताना निम्मं टेबलावर सांडलं.

तिला माझं नाव सांगायचीही वेळ आली नाही. तिकिटाचे पैसे कुणी दिले, हे त्याने विचारलं नाही.

१५ मार्च

आम्ही दोघी सामान बांधतोय. वजनाची मर्यादा आहे आणि तिची खरी दौलत लाकडाची — पायाच्या आकाराचे फर्मे, ज्यांच्यावर बूट चढवून शिवतात. शिकत असताना तिने स्वतः तासलेले. खोकं जिन्याखालून काढलं, वजन केलं, पुन्हा जिन्याखाली ठेवलं. तिकडे फर्मे मिळतीलच म्हणाली. मिळतील. दुसऱ्याची कवळीही मिळते, पण तिने चावता येत नाही.

१७ मार्च

ती गेली.

सकाळी तो लवकर कामावर गेला. दारात दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, मुद्दामच आत राहिले. टॅक्सी आली म्हणून खाली उतरलो, तर फाटकाशी फर्म्यांचं खोकं. दोराने आवळून बांधलेलं. ती गाठ मी ओळखते, लिफ्टची मोटर वर ओढताना मारतात ती. सूनबाई म्हणाली, ठेवून येते, वजनात बसणार नाही. मी म्हटलं, घे तर खरं, तिथे बघू. नाहीच घेतलं तर मी परत आणीन.

विमानतळावर मीही पास काढून आत गेले. सामान घेतात त्या खिडकीपाशी ती आधीच माफी मागायला लागली, सामान जरा जास्त आहे म्हणून. तिथल्या मुलीने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, जादा वजनाचे पैसे भरलेले आहेत. कधी भरले? तिकीट काढलं त्याच संध्याकाळी.

मेल! कार्ड माझं म्हणून तिकिटासाठी मेलही माझीच भरली होती आणि ती तो वाचतो. खड्ड्यात आकडे सांगताना कदाचित अंदाज आला असेल, पण संध्याकाळी तर त्याने तिचं नाव धडधडीत वाचलं होतं. पाण्याच्या टाकीबद्दल ऐकत जेवला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. "बरं" म्हणाला तेव्हाही.

सूनबाई खोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मागे रांग होती. "आई, ह्याचा अर्थ काय लावू? सगळं घेऊन जा, परत येऊ नको — असा? की दुसरा काही?"

मी म्हटलं, मला नाही माहीत गं. तो तोंडात असतं ते कधी बाहेर काढत नाही. तिने मला मिठी मारली आणि गेली. काचेपलीकडून एकदा वळून पाहिलं. ते माझ्यासाठी होतं की माझ्यामागे कुणी उभं आहे का ह्यासाठी, कोण जाणे.

२० मार्च

आज बोललेच. त्याचं नवीन कवच तयार होतं, ते बसवून बघायला त्याला खुर्चीत बसवलं. तोंडात कवच म्हणजे आपलं बोलणं पुरं होईपर्यंत समोरच्याला ऐकावंच लागतं. म्हटलं, माझ्यावर ढकललंस ते मला आवडलं नाही. मला आधी विचारायचंस. मी एकटी राहू शकते की नाही, ते मी सांगेन. तुझ्या संसारात मला आडवी घालू नकोस.

त्याने कवच काढलं, रुमालात धरलं. म्हणाला, "मला भीती वाटते, आई. तिला काम आहे तिकडे. मला भाषा येत नाही, माझ्या हातात कोण लिफ्ट देणार? तुझं नाव सांगितलं की तिचा प्रश्न तिथेच थांबायचा."

एवढा मोठा घोडा, खाली मान घालून बसला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. मग जादा वजनाचं विचारलं. म्हणाला, ते फर्मे तिचे आहेत, इथे ठेवून मी काय करू. एवढंच. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि त्याने फिरवू दिला.

तिला हे सांग म्हटलं. सांगेन म्हणाला. सांगितलं असेल असं वाटत नाही.

२३ मार्च

मला बँकेत घेऊन गेला. अर्ज त्यानेच भरला. आता आकडे माझ्या फोनवर येतील. परत तोच दम — कुणालाही सांगायचे नाहीत. मी विचारलं, तुलासुद्धा नाही? मलासुद्धा नाही म्हणाला.

का बदलतोयस, ते विचारायला धीर झाला नाही. आता मायलेकराचं तेवढंही बोलणं बंद करतोयस की काय, असं मनात आलं.

२९ मार्च

घर शांत. तो तिच्याशी फोनवर बोलतो, पण जिन्यात जाऊन. कवच धुताना पाहिलं, अजून चरा नाही.

४ एप्रिल

दुपारी फोन वाजला. आकडे! खाली विमान कंपनीचं नाव. वाटलं, पुन्हा कुणी गोड आवाजाचा फसवतोय की काय. मान वर केली तर दारात हा. एका हातात त्याचा फोन आणि पासपोर्ट, दुसऱ्यात ड्रॉवरमधलं माझं कार्ड. त्याच्याकडे स्वतःचं कार्ड आहे, त्यात पैसेही आहेत.

"आई, आकडे सांग."

"कुणालाही सांगायचे नाहीत ना?"

"म्हणूनच तुला आधी विचारतोय."

मी हाताचं प्लास्टर पुसलं, चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. मग पुन्हा पहिल्यापासून.