बाळ येशूचा स्पर्श

कुएन्का, ९ ऑक्टोबर

चि. नोएमीस,
अ. उ. आ.

माझ्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब बघायला आता नवे डॉक्टर आहेत, ओर्दोन्येस. वय माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलांएवढं. मला दवाखान्याच्या बोळात सहा मिनिटं चालवलं आणि अंतर मोजलं: ३९० मीटर. म्हणे धोका मध्यम. ४४० च्या पुढे गेलात, रक्ततपासणीही सुधारली, की कमी. आपल्याला तिथं पोचायचं आहे. चाळीस वर्षं मी इतरांना गुण दिले, आता हा मला काठावर पास करतोय. मग प्रश्न. जिना चढताना धाप लागते? नाही. चक्कर येऊन पडलात कधी? मुळीच नाही. तेव्हा आहेत त्याच दोन गोळ्या चालू. कुरकुर करायची नाही, हे शाळेतल्या सिस्टरांनी आपल्याला शिकवलंय.

लोभ आहेच, तो उत्तराच्या लांबीवर वाढेल.
तुझी ताई,
तार्हेलिया

ग्वायाकिल, १७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिना चढताना तुला धाप लागत नाही, कारण तू जिना चढतच नाहीस. मार्चपासून खाली शिवणाच्या खोलीत झोपतेस. वर थंडी असते असं तूच लिहिलं होतंस. आणि गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी, बाळ येशूच्या मिरवणुकीत, चढावर तू बेशुद्ध होऊन कोसळलीस. बायका म्हणाल्या, बाळाने हिला स्पर्श केला. तुझ्यावर फुलं टाकली. मीसुद्धा गुडघे टेकले, पाणी आणायचं सोडून. त्याची मला अजून लाज वाटते. डॉक्टरांना हे सांग, नाहीतर मी येऊन सांगेन.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझी नोएमी

कुएन्का, २६ ऑक्टोबर

चि. नोएमीस,
अ. उ. आ.

रागावले, चांगली आठवडाभर. आयुष्यात देवाने एकदा माझी दखल घेतली, तीही तू काढून घेतलीस. तरी गेले आणि सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चालताना शुद्ध हरपली असेल तर धोका मध्यम म्हणून सोडता येत नाही, म्हणाले. आता तिसरं औषध: कातडीखाली बारीक सुई, कमरेला छोटा पंप, दिवसरात्र. मी स्वच्छ नको म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. विचारलं, या उपचारातून तुम्हाला स्वतःला काय हवंय. मी म्हटलं, धाकट्या बहिणीच्या आधी जायचं नाहीये, तिला एकटीला काही जमत नाही. माझ्या कागदावर ४४० मीटरचं उद्दिष्ट होतं, त्याच्या खाली त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. हसले नाहीत. मग मला नको म्हणता येईना.

नर्स मंगळवारी पंप शिकवणार आहे. घरच्या आणखी एकाला शिकावं लागतं. मी तुझं नाव दिलंय. तुला विचारलं नाही.

तुझी ताई,
तार्हेलिया