माझ्या हसण्याची नक्कल

१९ मे, रवि.
सोसायटीच्या उन्हाळी मेळाव्याचा कागद लिफ्टमध्ये लागलाय. येता शनि.-रवि. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, आजी-आजोबांच्या भेंड्या, खाऊचे स्टॉल. शिवाय नवरा-बायकोचा खेळ, 'आमची जोडी'. रियाने आमचं नाव देऊनही टाकलं. म्हणे पप्पा माइकवर भारी बोलतात.
मी नाही म्हटलं. गेल्या वर्षी तोंडावरून वारं गेलं तेव्हापासून मी कुणाच्या लग्नात फोटोलाही उभी राहत नाही. गप्प असले तर कळत नाही. हसले की सगळं तोंड उजवीकडे पळतं.
संजय म्हणाला, "जाऊ गं. पोरगी आठवीत गेली, अजून किती दिवस बोलावणार आहे आपल्याला?"
बरं म्हटलं.

२१ मे, मंगळ.
संजय ८.१० ला डबा घेऊन निघाला. गळ्यात कंपनीचं कार्ड. फेब्रुवारीत त्यांचं डिपार्टमेंट बंद झालं, तरी रोज तसाच निघतो. चार ठिकाणी काम विचारतो, मग अंबरनाथला शिवमंदिरामागे झाडाखाली बसून डबा खातो. सहाला घरी. फक्त मला माहीत आहे. मार्चमध्ये बाथरूमचा नळ सोडून रडला होता, तेव्हा सांगितलं. "आईला कळलं तर ती जाईल. रियाला कळलं तर मी जाईन." मी शब्द दिला.
उल्हासनगरहून साड्यांचा गठ्ठा आलाय. फॉल-पिको शुक्रवारपर्यंत हवंय.

२३ मे, बुद्ध पौर्णिमा.
सकाळी चौघं विहारात. वंदनेनंतर सासूबाई नव्या बायकांना सांगत होत्या, माझा संजू कंपनीत सुपरवायझर. तो शेजारीच होता, लोकांच्या चपला जोडीने लावत बसला.
आज सगळ्यांनाच सुट्टी, त्यामुळे त्याला खोटं निघावं लागलं नाही. दुपारी दोघांनी मिळून रस काढला. संध्याकाळी त्याने माझा तोंडाचा व्यायाम घेतला, रोजच्यासारखा. गाल फुगव. भुवई उचल. दात दाखव. मला आरसा नको वाटतो म्हणून तोच समोर बसतो. डॉक्टरपेक्षा त्याला माझं तोंड जास्त पाठ आहे.
चांगला दिवस.

२५ मे, शनि.
मंडपात माणूस मावत नव्हता. आमचा नंबर चौथा. निवेदन बी विंगच्या तांबे वहिनींकडे. त्या सगळ्या नवऱ्यांना तेच विचारत होत्या, बायको चिडते कशी, झोपते कशी, करून दाखवा. बाकीचे लाजले. संजयला विचारलं, "मिसेस हसतात कशा?"
त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सोडून देईल.
त्याने ओठ उजवीकडे ओढला. डावा डोळा अर्धा उघडा ठेवला. अगदी तसाच, पाणी येतं तो. वरून तोंडावर पदर घेतल्याची ॲक्टिंग.
मागून एक जण हसला आणि सगळा मंडप फुटला. वन्स मोअर. त्याने परत केलं. तिसऱ्यांदाही केलं, आता चालत, स्टेजभर. पहिल्या रांगेत रिया पोट धरून हसत होती.
आम्ही फायनलला.
घरी येऊन तो तीन भाकऱ्या जेवला. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. म्हणाला, "कसल्या टाळ्या पडल्या, बघितलंस?"
मी म्हटलं, "उद्या नको जायला."
"अगं गंमत होती. तू पण हसत होतीस."
मी हसत नव्हते. माझं तोंडच तसं आहे.

२६ मे, रवि., सकाळ
ग्रुपवर व्हिडिओ आलाय. खाली हसणारी तोंडं, मोजली नाहीत. दूध आणायला खाली गेले तर जिन्यात ए विंगच्या दोन मुली एकमेकींना करून दाखवत होत्या. मला बघून गप्प झाल्या. एकीचा ओठ तसाच राहिला.
संजय गुणगुणत दाढी करतोय. पांढरा शर्ट मागितला. दिला, इस्त्री करून.

२६ मे, संध्याकाळ
आज नवऱ्यांनी आधी पाटीवर उत्तर लिहून उलटी धरायची, मग बायकांनी माइकवर सांगायचं. जुळलं की गुण.
तांबे वहिनी मला म्हणाल्या, "सुनीता वहिनी, मिस्टर ऑफिसमध्ये डबा कुणाबरोबर खातात?"
मी म्हटलं, "ऑफिस नाहीये."
लोक हसले. त्यांना वाटलं, कालचा पुढचा भाग.
"फेब्रुवारीपासून नोकरी नाही. गळ्यात कार्ड घालून निघतात आणि अंबरनाथला देवळामागे एकटेच बसतात. घरी कुणाला माहीत नाही."
वहिनी माइक मागत होत्या. मी दिला नाही. म्हटलं, "रडतात कसे ते दाखवू?" कुणी हो म्हटलं नव्हतं. मी दाखवलं. नळ सोडला. तोंडात टॉवेल कोंबला. खांदे हलवले.
तेव्हाही कुणीतरी हसलंच. मग कुणी नाही.
संजय पाटी छातीशी धरून उभा होता. रिया खुर्ची पाडून पळाली. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्या टाळ्या वाजवत होत्या. मग त्यांनी शेजारणीला विचारलं, "काय म्हणाली?" शेजारणीने कानात सांगितलं. सगळं सांगितलं असावं, बराच वेळ लागला.
ऐन वेळी तोंडातून निघून गेलं, असं लिहिणार होते. तसं नाही. शर्टाला इस्त्री करतानाच ठरवलं होतं.

२७ मे, सोम.
संजय काल मंडपातूनच गेला. वांगणीला, थोरल्या भावजींकडे. भावजींचा फोन आला, पोचलाय, बोलत नाहीये.
सासूबाई धडधाकट आहेत. मेल्या नाहीत. सकाळी चहा पिऊन एवढंच म्हणाल्या, "मला घरात सांगितलं असतंस तर मी काय त्याला टाकला असता?"
रिया आजीजवळ झोपते आहे. मला म्हणाली, "पप्पांनी जोक केला होता. तू बदला घेतलास."
"तू का हसलीस शनिवारी?"
"सगळेच हसत होते, मम्मी."
"म्हणून विचारतेय."
दार लावून घेतलं तिने.

२९ मे, बुध.
सेक्रेटरी म्हात्रे काका आले, हातात शील्ड. 'आमची जोडी, प्रथम क्रमांक'. मला वाटलं, मस्करी करतायत. ते खाली बघत म्हणाले, "गुणांनी तुमचाच नंबर येतो, वहिनी. कमिटी म्हणाली, देऊन टाका." शेवटचा प्रश्न धरला का, विचारलं. म्हणाले, "धरला. पाटी स्टेजवरच पडली होती."
"काय लिहिलं होतं?"
"एकटाच."
एवढं एकच खरं त्याने त्या दोन दिवसांत लिहिलं आणि मी त्याच्याआधी बोलून बसले. की कुणीतरी हे विचारावं, असं त्यालाही वाटत होतं? माहीत नाही. तसंही मी पाटी बघून थांबले असते, असं नाही.
काका चहा न घेता गेले. शील्ड सासूबाईंनी कपाटात टाकली, जुन्या चादरींखाली.

३१ मे, शुक्र.
व्यायाम बंद आहे. एकटीने आरशासमोर करून बघितला, दोन मिनिटं. शनिवारी त्याने केलं होतं ते हुबेहूब होतं. कुठेही वाढवून केलं नव्हतं.
तांबे वहिनी जिन्यात भेटल्या. "मला खरंच कल्पना नव्हती हो." कुठल्या दिवसाबद्दल म्हणतायत, ते मी विचारलं नाही.
रियाने सोसायटीतली नाचाची प्रॅक्टिस सोडली. मैत्रिणी खाली हाक मारतात, ती खिडकीशी जात नाही. यात माझा वाटा किती आणि त्याचा किती, हे ती ठरवेल. मला विचारणार नाही.

२ जून, रवि., दुपार
भावजी घेऊन आले त्याला. जयभीम झालं, पाणी झालं. भावजींनी मधोमध खुर्ची घेतली. "दोघंही चुकलात. एकमेकांची माफी मागा, विषय संपवा. वांगणीत एका फार्महाऊसवर देखरेखीचं काम आहे, मी बोललोय. उद्यापासून."
संजय म्हणाला, "आधी ती."
मी म्हटलं, "मी मागणार नाही."
भावजी म्हणाले, सुनीता, असं कसं चालेल. मी म्हटलं, चालत नाहीच आहे. सासूबाईंनी भावजींना उठवलं, रियालाही बरोबर घेतलं, म्हणाल्या चला मला विहारात सोडा. दार ओढून गेल्या.
आम्ही दोघंच. त्याची दाढी वाढलीय, त्यात पांढरं दिसतंय.
तो म्हणाला, "एक विचारू? खरं सांग. तिथे उभी होतीस तेव्हा. बरं वाटलं का तुला?"
वेगळं काही सांगता आलं असतं.
"वाटलं," मी म्हटलं. "सगळे गप्प झाले ना, तेव्हा फार बरं वाटलं."
त्याने मान हलवली. रागाने नाही.
"आणि तुम्हाला? शनिवारी?"
"तिसऱ्यांदा केलं ना," तो म्हणाला, "तेव्हा तुझा चेहरा मला दिसत होता. दिसत होता, सुनी. तरी केलं."
तो उठला नाही, मीही उठले नाही. खालून मंडपाचे बांबू सोडवल्याचा आवाज येत होता, आठवड्याने आलेत काढायला.
पाणी देते म्हणून मी आत आले आणि हे लिहायला बसले. तो बाहेर आहे. चपला अजून पायातच.