वळणावरची शांतता

३ रमजान, दुपार
लहानपणी आमच्या वळणावर ट्राम गायची. एकच लांब स्वर, कवितेच्या ध्रुवपदासारखा. आजची ट्राम किंचाळते. ताटलीवर सुरी घासावी तशी. साऱ्या अलेक्झांड्रियातली वळणं सोडून नेमकी माझ्या खिडकीखाली! जुन्या ट्रामवरचं काव्य या रमजानात पुरं करायचंच. चाळीस कडवी. आज एक झालं. दुसऱ्याच्या यमकावरच किंकाळी.

थोरली बहीण ताहिया म्हणते, "तेव्हाही अशीच ओरडायची. तू कानात बोटं घालून रडायचास." वय झालंय तिचं. आठवणींची सरमिसळ होते.

५ रमजान
ट्रामच्या ऑफिसात कंप्लेंट. क्लार्क म्हणाला, "उस्ताद, ईदनंतर या." माझाच विद्यार्थी. व्याकरणात कच्चा होता.

६ रमजान
सुचलं! पूर्वी एक माणूस ब्रशने रुळांना ग्रीस लावायचा. फक्त आतल्या कडेला. चिक्कू कुठला. रोजा सोडायची तोफ झाली की रस्ता ओस पडतो, ट्रामचे ड्रायव्हरही स्टॉपवर जेवायला बसतात. तोंडात खजूर टाकला आणि उतरलो. स्वयंपाकाचं तेल. कडेला तर लावलंच, वरूनही लावलं. सढळ हाताने.

७ रमजान
शांतता! ट्राम आली कधी, गेली कधी, पत्ता नाही.
ताहियाची मात्र कटकट. "मोतीबिंदूने मला दिसतंय कुठे? चाक ओरडलं की थांबते, ओरडून झालं की रूळ ओलांडते. आता उसळवाल्याच्या गाडीपर्यंत जाऊ कशी?" म्हटलं, होईल सवय.

९ रमजान
ड्रायव्हर बरहाम खिडकीखालून ओरडला, "उस्ताद, ट्राम इथे घसरतेय, ब्रेक धरत नाही. वरून काही दिसलं का तुम्हाला?" म्हटलं, उपवासाने हात ढिले पडले असतील तुझे. हसला नाही. रुळांवर वाळू टाकून गेला.
तोफेनंतर वाळू झाडली. पुन्हा तेल.
ताहियाच्या हाताला बाटली रिकामी लागली. मी जिन्यातल्या मांजरावर ढकललं. म्हणाली, "हल्ली मांजरं भजी तळतात वाटतं."

१२ रमजान
ते मांजर आज वळणावर मेलेलं सापडलं. मांजरं हल्ली बेसावध झालीत. त्यावर चार ओळी लिहायला बसलो. जमल्या नाहीत.
निश्चय: उद्यापासून उसळ मीच आणणार.

१३ रमजान
ऊन फार. ताहियाच गेली. नवी बाटली आणली, तीही अर्ध्यावर आली. वाळू फार तेल पिते.

१४ रमजान, तोफेला अजून अवकाश
दुसरं कडवं अगदी ओठांवर आहे. म्हणून आजच्या दिवस ताहियाच पातेलं घेऊन गेली. उद्या मी. नक्की.
बाहेर किती शांत. ट्राम गेली की यायचीय, कळत नाही. एरवी ताहिया एवढ्यात परत येते.
दार वाजतंय. ताहियाकडे किल्ली असते. ती वाजवत नाही.

तोच दिवस, हॉस्पिटलच्या बाकावर
दारात बरहाम होता. हातात आमचं पातेलं, चेपलेलं. म्हणाला, "जिवंत आहेत. पाय गेला. मी ब्रेक दाबला होता, उस्ताद, देवाशपथ दाबला होता." मग मान खाली घालून म्हणाला, "शुद्धीत होत्या. तुम्हाला निरोप दिलाय."
विचारलं, काय?
"'आमच्या मास्तरला विचार, मांजर मेल्यावर तेल कोण संपवतंय?'"