यानाखालचे माग

निजामपुरा, भिवंडी
५ फेब्रुवारी २००६

चि. शेवंता हिस, सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. नाशिकला तुम्हीही तसेच असाल, असं धरून चालतो. फोनवर तुझं बोलणं आता नुसतं पुटपुटल्यासारखं येतं, म्हणून हे पत्र. डॉक्टर म्हणाले, एकवीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलीत, आता ती ड्युटी सोडा, नाहीतर उरलेलं ऐकणंही जाईल. मानकोलीच्या एका गोदामात जागा आहे म्हणतात. पण मला लूमशिवाय दुसरं काय येतं गं?

एक काम कर. लहानपणी दर रविवारी शेठच्या माळ्यावर आपण टीव्हीवर ती अंतराळयानाची मालिका बघायचो. तिचं सुरुवातीचं संगीत कुठून तरी मिळव. काळोखात एकेक तारा उगवायचा, यान हळूच पुढे सरकायचं आणि मला वाटायचं, आपणच निघालोय. कान आहेत तोवर एकदा ऐकायचं हाय.

तुझा दादा,
लहानू

नाशिक
२० फेब्रुवारी

ती. दादास, सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. बहिणीने सांगून तू कधी ऐकलंस म्हणा, पण निदान डॉक्टरांचं तरी ऐक. वहिनीने किती ओरडायचं?

यांनी दोन रविवार सायबर कॅफेत घालवून संगीत शोधलं. सोबत सीडी पाठवते. भाजी करपू दिली, पण तीनदा ऐकलं. ते सूंऽऽ सुरू झालं आणि मी पुन्हा तुझा सदरा घट्ट धरून अंधारात तरंगत होते. रियाला पापा.

तुझी,
शेवंता

निजामपुरा
६ मार्च

चि. शेवंता हिस, सप्रेम जय भीम.

सीडी मिळाली. आवाज पूर्ण वाढवून स्पीकरच्या पेटीला कान लावला, शेजारी भांडायला आले. ऐकू आलं, पण हे ते न्हाय. त्यात खटाक्‌-खट, खटाक्‌-खट असा ठेका होता. त्याच्यावर तर यान चालायचं. पाव्हण्यांना सांग, त्यांना कुणीतरी उल्लू बनवलंय. रिया म्हणते, पप्पा, तुम्हालाच ऐकू येत नसेल. पोरगी तोंडावर बोलते.

लहानू

नाशिक
१८ मार्च

ती. दादास, सप्रेम जय भीम.

या वेळी तुझे कान बरोबर आहेत. तो ठेका मलाही आठवतो. पण यांना आठवत नाही, शेजारणीला आठवत नाही, कुणालाच नाही. काल भाकऱ्या थापताना उलगडा झाला. माळ्याखालच्या कारखान्यात आपले आबा शेठचे चार माग चालवायचे. रविवारी कारखाना चालू, सुट्टी शुक्रवारची. एकदा शुक्रवारी ती मालिका लागली, तेव्हा ठेका वाजेना म्हणून तू टीव्हीच्या पाठीत धपाटे घातलेस आणि शेठने आपल्याला हाकललं. ती सीडी खरी आहे, दादा. ठेका आबांचा होता.

तुझी,
शेवंता

निजामपुरा
२ एप्रिल

चि. शेवंता हिस, सप्रेम जय भीम.

तुझ्या पत्रापासून आबा डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पाळी संपली की वर येऊन आपल्या मधे बसायचे, विचारायचे, काय वाजतंय रे. आपण हसायचो, आबांना संगीतातलं काही कळत नाही म्हणायचो. मग ते नुसती मान डोलवायचे. शेवंते, त्यांना ऐकूच येत नव्हतं. आपण कधी कानाशी जाऊन गुणगुणलोसुद्धा नाही. मला फार वाईट वाटतं.

परवा ड्युटीवरून आलो तर रिया काहीतरी सांगत होती. मी मान डोलावली. ती हसली नाही, आत निघून गेली. मी मागे गेलो, पुन्हा सांग म्हटलं. कानाशी येऊन तिने सांगितलं की चौदा एप्रिलला वस्तीत ती गाणार आहे. तेवढ्याला तिला तीनदा सांगावं लागलं.

तिचा आवाज बारीक आहे. डॉक्टर म्हणतात, बारीक आवाज आधी जातात. म्हणून आजच शेठला सांगून आलो. सोमवारपासून मानकोलीचं गोदाम.

पाव्हण्यांना जय भीम. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा दादा,
लहानू