आधी दारावरची बेल बंद करावी

घडले ते असे:

१. मुकादम हा माझ्या थोरल्या भावाचा कुत्रा. मागच्या वर्षी त्याच्या मागच्या पायाच्या हाडात कॅन्सर निघाला. तो चालेनासा झाला, मग खाईनासा झाला.

२. त्याला घरीच शांतपणे मरण द्यायचे ठरले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी पहिले इंजेक्शन दिले, ते गुंगीचे. दुसरे शेवटचे. गुंगी पूर्ण चढल्यावरच ते द्यायचे होते.

३. दारावरची बेल वाजली. मुकादम उठला, दाराकडे निघाला आणि पडला.

४. बेल पुन्हा वाजली. तो पुन्हा उठला, पुन्हा पडला. असे होत राहिले.

५. वहिनी बाहेर जाऊन दारासमोरच्या पायरीवर बसली. बेल थांबली. मुकादम झोपला. दुसरे इंजेक्शन झाले.

६. मुकादमची सख्खी बहीण ठमी माझ्याकडे असते. तीही म्हातारी आहे आणि तिची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी परत आले नाही, तर ठमीचा शेवट कोणाच्या देखरेखीखाली व्हायचा, हे ठरायचे बाकी आहे.

म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, भूल देण्याच्या यंत्रांची देखभाल करणारी अभियंता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. ते मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नसून नातेवाइकांना चांगली ओळखून असल्यामुळे लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला हृदयाच्या डॉक्टरांनी दिला आहे. नातेवाइकांचे मत मी विचारलेले नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतले भुलीचे यंत्र मी स्वतः तपासलेले असून ते उत्तम आहे. माझे काही बरेवाईट झाल्यास त्याला दोष देऊ नये.

कलम पहिले: घर. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, आतल्या सामानासह माझ्या वहिनीला द्यावे. तिच्या एकटीच्या नावावर. "म्हणजे आपलंच झालं की," असे म्हणण्याची घाई दादाने करू नये. लग्न होऊन आल्यापासून वहिनीला दादाच्या घरात दार लावून बसता येईल अशी एक खोली मिळालेली नाही. मुकादमच्या पंजाच्या प्लास्टरमधल्या ठशाला मात्र काचेचे कपाट मिळाले आहे, आतल्या दिव्यासकट. त्यावरची धूळ वहिनीच पुसते.

हे घर ठमीच्या बदल्यात दिलेले नाही. पुढचे तिसरे कलम वहिनीने मान्य केले तरी घर तिचे, अमान्य केले तरी तिचेच. मला होकार विकतच घ्यायचा असता तर मी मावशीला विचारले असते.

कलम दुसरे: हत्यारे आणि शिल्लक. हत्यारांची पेटी कामावरच्या माझ्या जोडीदाराला द्यावी. तो प्रत्येक पाना जागच्या जागी ठेवतो. हा गुण आमच्या घराण्यात नाही. बँकेतले पैसे आधी ठमीच्या औषधपाण्याला वापरावेत. उरतील ते डॉक्टरीणबाईंना त्यांच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी द्यावेत. त्या गाडीचा खडखडाट ऐकूनच अर्धी जनावरे पलंगाखाली शिरतात.

कलम तिसरे: ठमी. ठमी दादाला देऊ नये. त्याला कुत्री आवडत नाहीत असे नाही. फार आवडतात, आणि अडचण तीच आहे.

मुकादम पिल्लू असताना दादाने त्याला एकच गोष्ट शिकवली. बेल वाजली की उठायचे, दाराशी जायचे, आलेल्या माणसाला हुंगायचे, मग बिस्कीट. त्याचे नाव मुकादम पडले तेही त्यामुळेच. त्याने हजेरी घेतल्याशिवाय त्या घरात कोणाला प्रवेश नव्हता. आणि ज्या दुपारी डॉक्टरीणबाई यायच्या होत्या, त्याच दुपारी याच दादाने सगळ्या गोतावळ्याला फोन केले. "शेवटचं भेटून जा, मागाहून रुखरुख नको." कोणाची रुखरुख, ते त्याने सांगितले नाही.

आधी वरच्या मजल्यावरचे शिंपी आले. मग आतेभाऊ आला, बायकोमुलांसह. प्रत्येकाने बेल दाबली. मुकादमचे डोके माझ्या मांडीवर होते. बेल वाजली की ते वर व्हायचे, पुढचे पाय ताठ व्हायचे आणि मग पोखरलेल्या पायावर सारे अंग आदळायचे. दुखण्याचा आवाज तो करत नव्हता. कामावर असताना तो कधीच आवाज करत नसे.

"बघा, बघा, उठतोय!" दादा डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "त्याला जायचंच नाहीये. थांबवा हे सगळं."

"तो दार उघडायला उठतोय हो," त्या म्हणाल्या. "अर्धवट गुंगीत त्याला असं सोडून मी कुठंही जाणार नाही. आधी ती बेल बंद करा."

"बेल कशी बंद करतात?" दादाने विचारले. घर त्याचे आहे.

वहिनी तोपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतले. पुढचे आम्ही सगळ्यांनी दाराआडून ऐकले. मावशी नुकतीच जिना चढून आली होती.

"अगं, सरक बाजूला. एवढ्या लांबून आले मी. तोंड तरी बघू दे त्याचं."

"तुम्ही तोंड बघणार, मावशी, आणि तो परत आपटणार. बसा इथंच."

"तुला काय कळतंय त्यातलं? तुला कुत्री आवडत नाहीत!"

"नाहीच आवडत. म्हणून तर कळतंय. आणि त्या बटणाला हात लावलात, तर आजपासून या घरातला चहा तुम्हाला बंद."

मावशी बसली. मावशीला कोणी गप्प बसवल्याचे मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी गुंगीचे औषध थोडे आणखी दिले आणि मुकादमने डोके परत उचलले नाही.

तेव्हा माझे मत पक्के झाले. ज्याला कुत्र्यावाचून करमत नाही, त्याच्या हाती कुत्र्याचा शेवट देऊ नये. वहिनीला ठमीचे केस खपत नाहीत. ठमी जवळ आली की ती पाय वर घेते. तरीही, किंबहुना म्हणूनच, ठमीचा ताबा आणि तिच्या शेवटाचा निर्णय, दोन्ही मी वहिनीकडे सोपवू इच्छिते.

निर्णयाची खूण अशी. ठमी रोज माझी एक चप्पल उचलून टेबलाखाली नेते. ज्या दिवशी चप्पल नाकासमोर ठेवूनही ती मान वळवणार नाही, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन करावा. एक दिवस लवकर झाले तर चालेल, एक दिवस उशीर चालणार नाही. दादा "अजून थोडं थांबू या" म्हणेल. तो मुकादमच्या वेळीही तेच म्हणत होता आणि त्या थोड्यात मुकादमचे वजन निम्मे झाले.

शस्त्रक्रियेआधीच हे उरकता येईल का, असे मी डॉक्टरीणबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "चप्पल पळवते ना अजून? मग मी येत नाही. तुमच्या भीतीवरचं औषध माझ्या पिशवीत नसतं." त्यांच्यावरही माझा राग आहे, पण त्यांचे म्हणणे चूक नाही. म्हणूनच त्या कधी याव्यात हे ठरवणारे माणूस मला मागे ठेवायचे आहे.

कलम चौथे: त्या दिवशी करायचे. डॉक्टरीणबाई येण्याआधी माझ्या घराच्या मीटरच्या पेटीतला उजवीकडचा छोटा स्विच खाली करावा. बेल बंद होते. फोनही बंद ठेवावेत. ठमीला हलवू नये. ती टेबलाखाली असेल तर टेबलाखालीच. वहिनीने तिला हात लावलाच पाहिजे असे नाही. त्याच खोलीत खाली बसली तरी पुरे. ठमीला माणूस जवळ असल्याशी मतलब, त्याच्या मनात काय आहे याची ती चौकशी करत नाही. दादाला दुसरे इंजेक्शन झाल्यावर कळवावे.

कलम पाचवे: त्यानंतरचे. अंगाखाली आधीच जुना टॉवेल घालावा, कारण लघवी होते. डोळे उघडेच राहतात. मिटायच्या खटपटीत पडू नये. एखादा उशिराचा श्वास किंवा पायाचा झटका येऊ शकतो. त्याचा अर्थ काही नसतो, आणि आमच्या घरी तो लावायला माणसे टपून असतात. देह तिच्याच चादरीत गुंडाळून प्राण्यांच्या दहनभट्टीवर न्यावा. राख परत आणू नये. ठसा घेऊ नये.

असे अंत्यविधी करून देणाऱ्या एका कंपनीचा विक्रेता मला मुकादमच्या वेळी म्हणाला होता, "मॅडम, मेणबत्त्या, मंद संगीत आणि आठवणींची पेटी, सगळं एकत्र येतं." त्याला कळवावे की ठमीला संगीतात गती नाही. तिला व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज आवडतो.

कलम सहावे: दादा. मुकादमच्या देहापाशी दादाने ठमीला येऊ दिले नाही. "धक्का बसेल तिला," म्हणाला. हुंगून तिला कळले असते की भाऊ गेला. ते न कळल्यामुळे ती अजूनही दादाकडे गेली की खोल्या शोधत फिरते. हे मी विसरलेले नाही. त्या दिवशी मी रडले नाही म्हणून "तुझं काळीज मशीनचं आहे," असे तो सगळ्यांसमोर म्हणाला, तेही विसरलेले नाही. शुक्रवारी माझ्या हृदयात कृत्रिम झडप बसेल, तेव्हा त्याचे म्हणणे काही अंशी खरे होईल.

मुकादम आणि ठमी पिल्ले असताना एका परातीत झोपल्याचा फोटो त्याला द्यावा. तो रडेल. रडू द्यावे. फक्त फ्रेम करून ती वहिनीला पुसायला लावू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली. या मृत्युपत्रातून साक्षीदारांना काहीही मिळत नाही. दोघांनीही त्याबद्दल नापसंती दर्शवून सह्या केल्या आहेत.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही)
साक्षीदार २: कामावरची हिशेबनीस (सही)
ठिकाण: माझे राहते घर
दिनांक: सोमवार, १६ मार्च

वहिनी,

याची एक प्रत तुमच्यासाठी आहे. आपले फारसे कधी जमले नाही आणि ते जमवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिसरे कलम तुम्हाला मान्य आहे की नाही, एवढेच विचारते आहे. नाही असेल तर "नाही" इतकेच लिहा, मी कारण विचारणार नाही. मग ठमी दादाकडे जाईल, कारण दुसरे कोणी नाही.

मला गुरुवारी सकाळी भरती व्हायचे आहे. उत्तर बुधवारी, १८ तारखेला संध्याकाळपर्यंत, तुमच्या स्वतःच्या फोनवरून द्यावे.